घरच्या पाल्याचा चहा : ऊन आणि गार

मोरीच्या कडेला, विहिरीच्या पाटाजवळ किंवा परसाच्या कोपऱ्यात हिरव्यागार पातीचा एक ठोंब पुष्कळांच्या घरी असतो. पाती लांब, अरुंद आणि कडेला धारदार. उलटा हात ओढला तर बोट कापते. पण तीच पाती जराशी चुरगळली की लिंबासारखा सुवास सुटतो. हा आपला गवती चहा. कोठे त्याला पातीचा चहा म्हणतात, कोठे हिरवा चहा म्हणतात. पावसाची झड लागली आणि घरात कोणाला शिंका येऊ लागल्या, की म्हातारी म्हणते, "जा रे बाळ, चार पाती आण कापून."

त्या चार पातींत काय असते? त्यांनी खरेच बरे वाटते का? ऊन प्यावे की गार प्यावे? आणि कोठे थांबावे? एवढे आपण आज पाहू.

आधी एक घोटाळा दूर करू. आपण रोज सकाळी पितो तो चहा हे गवत नव्हे. ते एक झुडूप आहे. आसाम, दार्जिलिंग, निलगिरी या भागांत त्याचे मळे आहेत. त्याची कोवळी पाने खुडतात, वाळवतात, आणि ती पुडीतून आपल्या घरी येतात. त्या पानांत कॅफीन नावाचे द्रव्य असते. ते तरतरी आणते आणि झोप उडवते. दुकानात 'ग्रीन टी' म्हणून जी पुडी मिळते, तीही याच झुडपाची. गवती चहात कॅफीन नाही. तुळस, पुदिना, आले, अंबाडी यांतही नाही. म्हणून घरच्या पाल्याचा नुसता चहा रात्री घेतला तरी झोप जात नाही. चहाच्या भुकटीत दोन पाती टाकल्या तर मात्र तो नेहमीचाच चहा. वास तेवढा वेगळा.

पुडीतला चहा आपल्या मुलखात फार जुना नाही, बरं का. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये काही मोठी माणसे चहा प्याली. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक त्यांत होते. पाद्र्यांच्या घरचा चहा घेतला म्हणून केवढा गहजब झाला! प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेले. गवती चहाच्या वाट्याला असला मान कधी आला नाही. तो बिचारा मोरीच्या कडेलाच राहिला.

करायची रीत

रीत सोपी आहे, पण पुष्कळ घरी ती चुकते.

एका माणसाला दोन-तीन पाती पुरतात. त्या आधी स्वच्छ धुवाव्यात. ठोंब मोरीच्या पाण्यावर वाढलेला असतो, कोंबड्या त्यावरून जातात, धूळ बसते. म्हणून दोन पाण्यांनी धुवाव्यात. मग कात्रीने बोटाएवढे तुकडे करावेत, किंवा पातीची सरळ गाठ मारावी. गाठ मारली की गाळायला सोपे जाते. कपभर पाणी चुलीवर ठेवावे. पाण्याला खळखळून उकळी आली की पाती आत टाकाव्यात, पातेले खाली उतरावे, आणि लगेच वर झाकण घालावे. पाच मिनिटे हात लावू नये.

झाकण का? सांगतो. पातीतला सुवास म्हणजे एक तऱ्हेचे तेल आहे. ते वाफेबरोबर उडून जाते. झाकण नसले आणि पाती दहा-पंधरा मिनिटे रटरटत ठेवल्या, तर सगळ्या घरात वास दरवळतो. घरातली माणसे म्हणतात, "वा, काय घमघमाट सुटलाय!" अहो, जो वास घरात दरवळला तो कपातून गेला. कपात उरले ते हिरवट, तुरट पाणी.

तुळस आणि पुदिना यांनाही हीच रीत. पाने नाजूक असतात. त्यांना ऊन पाण्यात मुरू द्यावे. सुंठ, दालचिनी, मिरे यांचे तसे नाही. ती टणक असतात. त्यांना ठेचून आठ-दहा मिनिटे उकळावे लागते, तेव्हा त्यांचा गुण पाण्यात उतरतो. म्हणून दोन्ही घालायची असतील तर आधी सुंठ उकळावी, पाती शेवटी टाकाव्यात.

ऊन चहाने बरे वाटते ते का?

पडसे झाले आहे, नाक चोंदले आहे, घसा खवखवतो आहे. अशा वेळी ऊन ऊन गवती चहाचे दोन घोट घेतले की जीव सुखावतो. हा काही मनाचा खेळ नव्हे. पण त्यात गवताचा वाटा किती आणि ऊन पाण्याचा किती, हे पाहण्यासारखे आहे.

इंग्लंडच्या शेजारी वेल्स नावाचा प्रांत आहे. तेथल्या कार्डिफ शहरात सर्दी-पडशाचा अभ्यास करणारे डॉक्टर होते. २००८ साली त्यांनी एक प्रयोग छापला. पडसे झालेली ३० माणसे घेतली. फळांच्या रसाचे एकच पेय त्यांना दिले. ते ऊनही दिले, आणि साधे, न तापवलेलेही दिले. साध्या पेयाने वाहते नाक, खोकला आणि शिंका यांना थोडा आराम पडला. ऊन पेयाने तेवढा तर पडलाच, शिवाय घशाची खवखव, अंगातली हुडहुडी आणि थकवा यांनाही आराम वाटला. गंमत पुढेच आहे. यंत्राने मोजून पाहिले, तर नाकातून जाणारी हवा काही वाढलेली नव्हती! नाक होते तेवढेच चोंदलेले होते. माणसाला मात्र बरे वाटत होते.

यावरून काय समजायचे? ऊन पेय पडसे घालवत नाही. पडसे आपले दिवस घेतेच. पण ते दिवस सुसह्य होतात. घसा ओला राहतो, अंगाला ऊब मिळते, आणि पोटात पाणी जाते. आजारी माणूस पाणी प्यायला कंटाळतो. चव असली की पितो. माझ्या मते हा फायदा लहान नाही.

गवती चहाने शांत झोप लागते, असे पुष्कळ लोक म्हणतात. आपल्याकडेच नव्हे, दूर ब्राझील देशातही म्हणतात. तिकडेही हे गवत परसात लावतात आणि त्याचा चहा करतात. तेथल्या डॉक्टरांनी १९८६ साली हे माणसांवर तपासून पाहिले. निरोगी माणसांना तो चहा दिला. अपाय काही दिसला नाही. पण झोपही वाढली नाही. तेव्हा झोपेसाठी म्हणून गवती चहा घेण्यात अर्थ नाही. मात्र रात्रीचा टपरीवरचा चहा सोडून त्याच्या जागी हा घेतला, तर झोप सुधारेल. कारण झोप उडवणारे कॅफीन पोटात गेले नाही.

आल्याचे थोडे निराळे आहे. मळमळीवर आल्याचा उपयोग होतो, हे तपासण्यांत दिसून आले आहे. एसटीत ज्यांना उलटी होते, त्यांनी निघण्याआधी आल्याचा चहा घेऊन पाहावा. पुदिन्याने पोटातला वारा सरतो. तुळशीला आपल्याकडे मान आहे, वासही गोड आहे. दोन-चार पाने घालावीत.

काढ्यावर विसंबू नये

आता जरा गंभीर गोष्ट.

पाल्याचा चहा हा चहा आहे तोवर गुणाचा आहे. त्याला औषधाच्या जागी बसवले की घात होतो. तापाचेच घ्या. ताप हा काही एक आजार नव्हे. ताप पडशाचा असतो, हिवतापाचा असतो, डेंग्यूचा असतो, विषमज्वराचा असतो. वरून सगळे सारखे दिसतात. अंग तापते, डोके दुखते, माणूस निजून राहतो. ऊन काढा प्याल्याने घाम येतो. घाम आला की अंग घटकाभर गार लागते. घरच्यांना वाटते, ताप उतरला. पण हिवतापाचे जंतू रक्तात असतात. त्यांना गवती चहाने काही होत नाही. त्यांच्यासाठी रक्त तपासून गोळ्याच घ्याव्या लागतात. सरकारी दवाखान्यात ही तपासणी आणि या गोळ्या फुकट मिळतात.

म्हणून हिशेब असा ठेवा. ताप आला, ऊन गवती चहा द्या, पेज द्या, आराम द्या. दोन दिवसांत ताप गेला नाही तर आशाताईंना सांगा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. आणि सारख्या उलट्या होत असतील, धाप लागत असेल, हिरड्यांतून रक्त येत असेल, माणूस गुंगीत जात असेल, तर दोन दिवसही थांबू नका. त्याच घटकेला गाडी बघा. चूल पेटवायला वेळ घालवू नका.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. २०२० साली कोरोनाची साथ आली. सरकारच्या आयुष मंत्रालयाने एक काढा सांगितला. तुळस चार भाग, दालचिनी दोन भाग, सुंठ दोन भाग, मिरे एक भाग. याची भुकटी करायची. तीन ग्रॅम भुकटी, कपभर उकळते पाणी, दिवसातून एकदा किंवा दोनदा. प्रमाण किती थोडे आहे, पाहिलेत ना? पण भीती मोठी होती. लोक मिरे मुठीने घालू लागले, दिवसातून पाच-सहा वेळा पिऊ लागले. मग कोणाच्या छातीत जळजळ, कोणाच्या तोंडात फोड, कोणाच्या पोटात आग. आमच्या आळीत तर असे घर नव्हते, जेथे कोणाचे ना कोणाचे पोट बिघडले नाही.

त्याच दिवसांत गुळवेलीचा काढाही जोरात होता. मुंबईच्या डॉक्टरांकडे काविळीचे काही रोगी आले. यकृताला इजा झालेली. विचारपूस केली, तर ते गुळवेल घेत होते. अशा सहा रोग्यांची हकिगत त्या डॉक्टरांनी २०२१ साली छापली. आयुष मंत्रालयाला ते पटले नाही. मंत्रालयाने म्हटले, ती खरी गुळवेल नसेल; तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असेल. हा वाद जाणत्यांनी मिटवावा. तुम्ही-आम्ही एवढे पाहावे : डॉक्टरांचे खरे धरले तर गुळवेल मनाने रोज पिणे बरे नव्हे. मंत्रालयाचे खरे धरले तर ओळख पटल्याशिवाय कोणतीही वेल आणून उकळणे बरे नव्हे. दोन्हीकडून गोष्ट एकच निघते.

आणि ज्येष्ठमध. खोकल्यावर म्हणून त्याची काडी लोक चहात उकळतात. चार दिवस ठीक. पण महिनोन्महिने घेतले तर ज्येष्ठमधाने रक्तदाब वाढतो. ज्यांना रक्तदाब आहे, त्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

तान्ह्या बाळाला सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय काही देऊ नये. गवती चहाचा चमचाही नाही, काढा नाही, गुटी नाही. बाळ वर्षाचे होईपर्यंत मध चाटवू नये. मधातले एक जंतुबीज आतड्यात वाढून बाळाला लुळे करू शकते. मोठ्या मुलाला जुलाब होत असतील तर पाल्याचा चहा उपयोगाचा नाही. क्षारसंजीवनीची म्हणजे ओआरएसची पुडी लिटरभर स्वच्छ पाण्यात विरघळवावी आणि घोट घोट पाजावी. गरोदर बाईने रोजचा एखादा कप आल्याचा चहा घेतला तर हरकत नाही, पण कडक काढे घेऊ नयेत. आणि कोणतीही नवी वनस्पती सुरू करण्याआधी डॉक्टरांना किंवा नर्सताईंना विचारावे.

साखर, लोह आणि चटका

आता खरा फायदा कोठे आहे, ते पाहू. तो गवतात कमी आणि साखरेत जास्त आहे.

शेतावर राबणारा गडी दिवसातून पाच कप चहा सहज पितो. एका कपात दोन चमचे साखर धरा. दिवसाचे झाले दहा चमचे. एक चमचा म्हणजे पाच ग्रॅम. दहा चमचे म्हणजे ५० ग्रॅम. महिन्याची किती झाली? दीड किलो! एका माणसाची, आणि नुसत्या चहातून. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले आहे, की मोठ्या माणसाने दिवसाला २५ ग्रॅमच्या आत साखर खावी, म्हणजे उत्तम. आपण तर चहातूनच दुप्पट खातो. मधुमेह आज शहरापुरता राहिलेला नाही. खेड्यातल्या दवाखान्यातही त्याची रांग लागते.

गवती चहाला दुधाची गरज नाही आणि साखरेचीही फारशी नाही. त्याला स्वतःचा वास आहे. पाच कपांतले दोन कप याचे केले आणि ते बिनसाखरेचे घेतले, तर महिन्याला ६०० ग्रॅम साखर वाचते. पैसा वाचतो तो वेगळाच. कोणी म्हणेल, "गुरुजी, साखर नको तर गूळ घालतो." गूळ चवीला छान, पण तो साखरेचाच थोरला भाऊ. चिमूटभर चालेल, खडाभर नको.

लोहाचेही ऐका. आपल्या देशात १५ ते ४९ वर्षे वयाच्या शंभर बायका घेतल्या, तर त्यांतल्या ५७ जणींच्या अंगात रक्त कमी आहे. २०१९ ते २०२१ या सालांत सरकारने पाहणी केली, तेव्हाचा हा आकडा. रक्त व्हायला लोह लागते. ते पालेभाजीत, कडधान्यात, बाजरीच्या भाकरीत असते. पण जेवणावर लगेच चहा घेतला, तर ते लोह अंगी लागत नाही. चहातला तुरटपणा त्याला धरून ठेवतो आणि ते तसेच शरीराबाहेर जाते. हा दोष काही पाल्यांच्या चहातही आहे. पुदिन्याच्या चहात तो पुडीतल्या चहाइतकाच दिसून आला आहे. तेव्हा कोणताही चहा जेवणाआधी किंवा जेवणानंतर एक तास सोडूनच घ्यावा. जेवताना हवे तर लिंबू पिळलेले पाणी घ्यावे. लिंबाने लोह उलट चांगले अंगी लागते. दवाखान्यातून मिळालेली लोहाची लाल गोळी तर चहाबरोबर मुळीच घेऊ नये.

आणि चटका. काही माणसांना चहा इतका कडकडीत लागतो, की बशीत ओतल्यावरही वाफ निघते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१६ साली सांगितले, की ६५ अंशांहून जास्त तापलेले पेय नेहमी पिण्याने अन्ननलिकेचा कर्करोग होण्याचा संभव आहे. यात दोष चहाचा नाही, तापलेपणाचा आहे. घरात तापमापक कोठून आणणार? साधी खूण धरा. ओठाला चटका बसतो तो चहा पिण्याजोगा झालेला नाही. पाच मिनिटे थांबा. बशीत ओतून पिणारे आपले वडीलधारे शहाणेच होते म्हणायचे. आणि उकळते पातेले मुलांच्या हाताशी ठेवू नका. भाजण्याचे पुष्कळसे अपघात स्वयंपाकघरातच होतात.

गार चहा

चैत्र-वैशाखात ऊन चहा नकोसा होतो. तेव्हा हाच चहा गार करून घ्यावा. सकाळी लिटरभर पाण्यात दहा-बारा पाती टाकून चहा करावा. झाकण ठेवूनच निवू द्यावा. गाळून घ्यावा आणि धुतलेल्या लहान माठात भरावा. निवल्यावर त्यात लिंबू पिळावे. तापल्या चहात पिळले तर लिंबातले जीवनसत्त्व कमी होते. शेतावर न्यायचा असेल तर चिमूटभर मीठ घालावे. घामावाटे मीठही जाते ना! आवडत असेल तर भिजवून फुगलेला सब्जा घालावा. हा चहा त्याच दिवशी संपवावा. उन्हाळ्यात रात्रभर राहिलेला चहा आंबतो.

गार चहासाठी माझी आवड विचाराल तर ती अंबाडीची. आता अंबाडी दोन प्रकारची असते. एक दोराच्या वाखासाठी लावतात. दुसरी लाल अंबाडी. तिचे फूल गळले की बोंडाभोवती लाल, मांसल, आंबट पाकळ्यांचा पेला उरतो. विदर्भ-मराठवाड्यात हिची भाजी कण्यांबरोबर खातात. बोंडांची चटणी करतात. पण त्या लाल पाकळ्यांचा चहा करतात, हे आपल्याकडे थोड्यांनाच ठाऊक. इजिप्त आणि सुदान या देशांत मात्र तो घरोघर आहे. तेथे त्याला करकदे म्हणतात. थंडीत ऊन पितात, उन्हाळ्यात गार पितात. रंग माणकासारखा लाल.

दिवाळीनंतर बोंडे तयार होतात. पाकळ्या लुसलुशीत आहेत तोवर बोंडे काढावीत. आतले बियांचे हिरवे बोंड चाकूने ढकलून काढावे. पाकळ्या सावलीत सुकवून बरणीत भराव्यात. वर्षभर टिकतात. लिटरभर उकळत्या पाण्यात मूठभर सुक्या पाकळ्या टाकून दहा मिनिटे झाकावे. गाळावे, निववावे. थोडा गूळ, जिऱ्याची पूड, मीठ. यात दूध घालू नका, फाटेल. आणि हा चहा कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवू नका. आंबटाने भांडे कळकते आणि ते विष पोटात जाते. स्टीलचे भांडे, काचेची बरणी किंवा मातीचा माठ घ्यावा.

अंबाडीच्या चहाची अमेरिकेत नीट परीक्षा झाली आहे. थोडा वाढलेला रक्तदाब असलेली ६५ माणसे घेतली. निम्म्यांना सहा आठवडे रोज तीन कप अंबाडीचा चहा दिला. निम्म्यांना तशाच चवीचे दुसरे पेय दिले. अंबाडीवाल्यांचा रक्तदाबाचा वरचा आकडा सरासरी सातने उतरला. दुसऱ्यांचा जेमतेम एकने. हा प्रयोग २०१० साली प्रसिद्ध झाला.

सातने उतरला, हे चांगलेच आहे. पण सात म्हणजे किती? वरचा आकडा १३५ असेल तर तो १२८ होईल. तो १८० असेल तर १७३ होईल, आणि १७३ हा धोक्याचाच आकडा आहे. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत. त्यांनी कोठून तरी अंबाडीचे ऐकले. लागलीच दाबाची गोळी बंद केली आणि लाल पाणी सुरू केले. पंधरवड्याने बाजारात चक्कर येऊन पडले. दवाखान्यात मोजले तर दाब १९०. नशीब थोर, हातपाय वाचले. आता ते गोळी घेतात आणि डॉक्टरांना सांगून एक पेला अंबाडीही घेतात. सांगून घेणे महत्त्वाचे. कारण गोळी आणि अंबाडी दोन्ही मिळून दाब फार उतरला तरी चक्कर येते.

राहिला बर्फ. गार म्हणजे बर्फ टाकलाच पाहिजे असे नाही. माठाचे गार पुष्कळ झाले. बर्फाने जंतू मरतात असे काहींना वाटते. ते मरत नाहीत. बर्फात नुसते झोपी जातात, आणि वितळला की जागे होतात. आपण पाणी उकळून चहा करायचा आणि वर अशुद्ध पाण्याचा बर्फ टाकायचा, म्हणजे उकळण्याचे सारे श्रम वाया. बाजारातल्या लाद्या पुष्कळदा मासळी किंवा माल गार ठेवण्यासाठी केलेल्या असतात. असा न खाण्याचा बर्फ ओळखू यावा म्हणून त्याला निळा रंग द्यावा, असा नियम महाराष्ट्रात २०१८ साली झाला. निळसर बर्फ दिसला तर तो पेल्यात घेऊ नका. घरी फ्रिज असेल तर उकळून निववलेल्या पाण्याचाच बर्फ करावा.

गार पिऊन सर्दी होते का, असेही विचारतात. सर्दी होते ती विषाणूंमुळे, आणि ते एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातात. गार पेला त्यांना जन्म देत नाही. घसा आधीच दुखत असेल तर मात्र गार घोट काहींना टोचतो. त्यांनी ऊन घ्यावा.

तुमच्या परसात ठोंब नसेल तर मृगाचा पाऊस पडल्यावर शेजारणीकडून मुळासकट दोन-तीन फुटवे मागून आणा. पानांचे शेंडे छाटा, वीतभर ठेवा. ऊन येते आणि पाणी साचत नाही, अशा जागी हातभर अंतराने लावा. शेतात ज्या बांधावर औषधाची फवारणी उडते, तेथे लावू नका. तीन-चार महिन्यांनी पहिली कापणी करता येते. कापताना जमिनीपासून चार बोटे सोडून कापा आणि कोयता धरल्या हाताने पाती ओढू नका. दर दोन-तीन वर्षांनी ठोंब उपटून त्याचे फुटवे वेगळे करा. एक आपल्याला ठेवा, बाकीचे आळीत वाटून टाका.